तलावांचा जिल्हा आणि तलावांचे धनी



भंडारा जिल्ह्याचा मोठा नकाशा समोर पसरला म्हणजे प्रथम नजरेंत भरते ती वैनगंगा, आणि मग तिच्या दोन्ही अंगांना विखुरलेले निळे ठिपके. हे ठिपके म्हणजे आमचे तलाव. निसर्गानें आपण होऊन घातलेलीं सरोवरें आमच्याकडे जवळजवळ नाहींतच. दोन टेकड्यांमधली खोलगट जागा हेरून, ओढ्याचा ओघ पाहून, कोणी तरी केव्हां तरी मातीची पाळ घातली आणि पाणी अडविलें. आजहि भंडारा जिल्ह्यांत असे जुने तलाव हजाराच्या वर आहेत. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हे शेजारी धरले तर आंकडा सहा हजारांपलीकडे जातो. शहरांतील श्रोत्यांना तलाव म्हटला म्हणजे संध्याकाळीं हवा खाण्याची जागा आठवते. आमच्या गांवांत तलाव म्हणजे धान, मासा, शिंगाडा, गुरांचें पाणी आणि उन्हाळ्यांत विहिरीला राहणारा झरा, असा सगळा संसार असतो.

आरंभींच एक खुलासा करतों. या भाषणांत मी भंडारा म्हणेन तेव्हां पुष्कळदां जुना अखंड जिल्हा समजावा. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि नवेगावबांधासारखा थोर तलाव सरकारी हिशेबानें शेजाऱ्याच्या घरीं गेला. पाण्याला आणि ढिवरांच्या सोयरिकींना या वांटणीची अद्याप दखल नाहीं, म्हणून मीहि ती फार घेणार नाहीं.

ज्या मुलखांत वर्षाकाठीं सरासरी पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो, तेथें तलाव हवेत कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर धानाच्या रोपाजवळ आहे. मृगांत पऱ्हे टाकावे, आषाढांत रोवणी करावी, श्रावण-भाद्रपदांत बांधी भरलेली असावी, येथवर आभाळ बहुधा साथ देतें. पण धान निसवावयास लागतो तो उत्तरा-हस्ताच्या सुमारास, आणि नेमका तेव्हां पाऊस पाठ फिरवितो. ते पंधरा दिवस पाणी मिळालें तर कोठी भरते. न मिळालें तर हिरवें रान डोळ्यांदेखत तणस होतें. एकंदर पावसाच्या आंकड्यांत हे पंधरा दिवस दिसत नाहींत. ज्यांनीं तलाव बांधले त्यांना ते दिसले होते.

हे बांधणारे कोण? या प्रश्नाचें उत्तर देतांना कोहळी समाजाचें नांव प्रथम घ्यावें लागतें. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जाती-जमातींवर लिहिलेला मोठा ग्रंथ १९१६ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत या छोट्या शेतकरी जातीची ओळखच मुळीं वैनगंगेच्या खोऱ्यांतील विशाल तलावांची बांधणारी अशी करून दिली आहे. १९११ च्या शिरगणतींत त्यांची संख्या सुमारें सव्वीस हजार होती. एवढ्याशा समाजानें एवढें पाणी अडवावें, हें मला नेहमींच अचंब्याचें वाटत आलें आहे. त्यांची स्वतःची परंपरा सांगते कीं, चांद्याच्या एका गोंड राजानें काशीहून परततांना त्यांच्या पूर्वजांना बरोबर आणलें. परंतु त्यांची बोली, चालीरीती आणि कुळांचीं नांवें पाहतां तीं मूळचीं मराठी मुलखांतलींच दिसतात, असें त्याच ग्रंथकारांनीं नमूद केलें आहे. काशीची गोष्ट खरी असो वा नसो, त्या परंपरेंत राजाचें नांव आहे हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण तलाव बांधणें हा नुसता कसबाचा प्रश्न नव्हता, तो एका कराराचाहि प्रश्न होता. ज्यानें जंगल तोडून गांव वसविलें त्याला त्या गांवाची पाटीलकी, आणि ज्यानें तलाव बांधला त्याला तलावाखालच्या जमिनीच्या साऱ्यांत सूट, अशी गोंड राजांची रीत आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. राजानें खजिन्यांतून दमडी न काढतां मुलूख ओलिताखालीं आणला, आणि बांधणाऱ्याच्या घरांत पिढीजात अन्न आलें.

या करारांतून निघालेलें सर्वांत मोठें काम म्हणजे नवेगावचा बांध. जुन्या गॅझेटियरांत त्याचा घेर सतरा मैल दिला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यानें तो बांधला असें परंपरा सांगते. भोंवतालच्या सात डोंगरशिखरांना लोक सात बहिणी म्हणतात. या सात देवींनीं स्वतः खपून कोलू पाटलाला पाळ घालूं लागल्या, अशी कथा आहे. आणि पुढें लोकांनीं कोलू पाटलालाच देव करून कोलासूर या नांवानें डोंगरावर बसविलें. इतिहासाचा विद्यार्थी अशा कथांकडे हंसून पाहतो. मला मात्र तिच्यांत एक हिशेब दिसतो. इंजिनियराची दुर्बीण नाहीं, सपाटी मोजण्याचें यंत्र नाहीं, आणि तरीहि कोठें पाळ घातली असतां कमींत कमी मातींत जास्तींत जास्त पाणी अडेल, हें या माणसानें अचूक ओळखलें. डोंगरांनीं तीन बाजूंचें काम केलें, माणसानें उरलेल्या खिंडी बुजविल्या. सात बहिणी मदतीला आल्या, हें विधान स्थापत्यशास्त्राच्या दृष्टीनें अगदीं बरोबर आहे! साकोली तालुक्यांतील शिवनीबांध आणि पलीकडचा सिरेगावबांध हे याच घराण्याचे तलाव म्हणतां येतील. पुढें याच नवेगावच्या कांठीं वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली यांनीं आपल्या आयुष्याचीं कितीतरी वर्षें घालविलीं, आणि महाराष्ट्रांतील वाचकांना या पाण्यावरचे पक्षी त्यांच्या लेखणींतून ठाऊक झाले. २०२५ सालीं ते निवर्तले.

आतां तलाव चालतो कसा, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. पाळ ही त्याची पाठ. जादा पाणी निघून जावें म्हणून एका अंगाला सांडवा. पाण्याची पातळी जशी उतरेल तसें पाणी सोडण्याची जी मोरी तिला आमच्याकडे तुडूम म्हणतात. तेथून पाट निघतात आणि बांधीबांधींतून पाणी खालीं उतरत जातें. वरच्याची बांधी भरल्याशिवाय खालच्याला मिळत नाहीं, म्हणून शेजाऱ्यांना एकमेकांशीं बोलणें भाग पडतें. खाजगी, लहान तलावाला बोडी म्हणतात. एका ओढ्यावर वरचेवर कित्येक बोड्या आणि तलाव असत. वरच्याचा सांडवा खालच्याच्या पोटांत रिकामा होई. पहिल्या पुरांत मासे हाच मार्ग उलटा चढून येत आणि उथळ पाण्यांत, बांध्यांतून, अंडीं घालीत. म्हणजे एक तलाव फुटला तर नुकसान एका गांवाचें नसे. पाळीची डागडुजी, पाटांतला गाळ, तुडुमाची राखण, यांचीं कामें नेमलेलीं असत आणि त्यांचा मोबदला बहुधा धानाच्या रूपानें खळ्यावर मिळे.

या व्यवस्थेचें गोडवें गाणारे लेख मीं पुष्कळ वाचले आहेत. ते सगळे मला पटत नाहींत. मालगुजाराच्या हाकेसरशीं पाळीवर माती टाकावयास जाणारा माणूस प्रत्येक वेळीं आनंदानें जात होता, असें समजण्याचें कारण नाहीं. त्यांत वेठ होती, आणि जातीची उतरंड तर होतीच. ज्या ढिवरानें आयुष्य पाण्यांत काढलें त्याच्या नांवावर पाण्याचा थेंबहि नव्हता. पण एक गोष्ट त्या व्यवस्थेंत होती, आणि आजच्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. तलावावर ज्याचा हक्क, त्याच्याच माथीं तलावाची काळजी. पाळ फुटली तर पहिलें नुकसान मालगुजाराच्या उसाचें आणि धानाचें होई. म्हणून मे महिन्यांत तो पाळीवरून स्वतः फिरून येई. हा धर्मभोळेपणा नव्हे, निव्वळ स्वार्थ होता. पण तो पाळ राखणारा स्वार्थ होता.

१८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढील वर्षीं नागपूरचें राज्य इंग्रजांनीं खालसा केलें. १८६० नंतरच्या दशकांत तीस वर्षांची जमाबंदी झाली, तींत गांवच्या मालगुजारांना जमिनीचे मालक ठरविण्यांत आलें. पूर्वीं तो सारा गोळा करणारा होता, आतां धनी झाला. त्याबरोबरच गांवोगांवच्या वहिवाटी लिहून ठेवण्याची एक उत्तम चाल इंग्रजांनीं पाडली. या कागदाला वाजिब-उल-अर्ज म्हणतात. तलावाचें पाणी कोणी, केव्हां, कोणत्या क्रमानें घ्यावें, हें अशा कागदांतून सांपडतें. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं मध्यप्रांत होरपळून निघाला, त्यानंतर १९०१ सालीं पाटबंधाऱ्यांची चौकशी करणारें कमिशन नेमलें गेलें, आणि सरकारनें स्वतः मोठे तलाव बांधावयास घेतले. तिरोड्याकडील बोदलकसा, चांद्याकडील आसोला-मेंढा हे १९१७-१८ च्या सुमारास पुरे झालेले तलाव त्या काळचे होत. त्यांचीं कामें चांगलीं आहेत. पण गांवोगांवच्या जुन्या तलावांच्या डागडुजीचा प्रश्न त्यांनीं सुटला नाहीं, आणि सुटणारहि नव्हता. मद्रास इलाख्यांत याहून कडक प्रयोग झाला होता. तेथें गांवकऱ्यांनीं मिळून तलाव दुरुस्त करण्याच्या चालीला कुडिमरामत म्हणतात. ती चाल ढिली पडूं लागतांच १८५८ सालीं सरकारनें कायदा करून श्रम सक्तीचे केले. त्या कायद्यानें पाळी धड झाल्याचें फारसें ऐकिवांत नाहीं.

स्वातंत्र्यानंतर मालगुजारी जाणें न्याय्यच होतें. मध्यप्रदेशच्या विधिमंडळानें मालकी हक्क नष्ट करणारा १९५० चा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलांत आला. त्या काळीं भंडारा मध्यप्रदेशांत होता आणि राजधानी नागपूर होती. एका रात्रींत हजारों तलाव सरकारजमा झाले. ज्यांच्या खाजगी बोड्या त्यांच्या कबजाच्या शेतांत होत्या त्या तेवढ्या वांचल्या. १९५६ च्या नोव्हेंबरांत आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यांत आलों, १९६० च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले. अकरा वर्षांत तलावांनीं चार दारें पाहिलीं. प्रत्येक दाराशीं दप्तर बदललें. दप्तरांत त्यांचें नांव पडलें 'माजी मालगुजारी तलाव', आणि कारकुनी संक्षेपांत तें झालें 'मामा तलाव'. भाच्यांनीं ओरबाडून खाल्लेल्या मामाची गोष्ट आपण ऐकतों, तसेंच कांहींसें यांचें झालें.

यांत कोणाचा दुष्टपणा शोधण्याची गरज नाहीं. जिल्हा परिषदेकडे शंभर हेक्टरांपर्यंत ओलीत करणारीं सारीं कामें, तलाव हजारावर, आणि दुरुस्तीचा पैसा ज्या वर्षीं येतो त्या वर्षीं येतो. मालकी गेली, ती योग्य माणसाकडून योग्य ठिकाणीं गेली. पण मालकीच्या पाठीला बांधलेलें गांठोडें, म्हणजे मे महिन्यांत पाळीवरून फिरून येणें, तें वाटेंतच कोठें तरी पडलें. सरकारला पाळीवरून फिरतां येत नाहीं. गांवकऱ्याला वाटलें, आतां हें सरकारचें. वर्षें लोटलीं तसतसा गाळ सांचत गेला. उथळ झालेल्या कांठावर कोणी हंगामी पीक घेतलें, पुढच्या वर्षीं कुंपण घातलें, त्यापुढच्या वर्षीं तें शेत झालें. आणि कांठाकांठानें बेशरम पसरली. ही मूळची दक्षिण अमेरिकेची वनस्पती. शोभेला, कुंपणाला म्हणून आली. तिला गुरें तोंड लावीत नाहींत, पाण्यांत मरत नाहीं, उन्हांत वाळत नाहीं. लोकांनीं तिचें नांव ठेवण्यांत जी अचूकता दाखविली ती भल्याभल्या पंडितांना साधत नाहीं.

इतक्यांत मोठ्या धरणांचें युग आलें. २२ एप्रिल १९८८ रोजीं पवनी तालुक्यांत गोसीखुर्द प्रकल्पाची कोनशिला पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्तें बसली, आणि सर्वांचे डोळे वैनगंगेच्या त्या भिंतीकडे लागले. लहान तलावाची आठवण कोणाला राहणार? मोठें धरण नको असें माझें म्हणणें नाहीं. परंतु ज्या गांवाला कालव्याचें पाणी पोंचणार नाहीं, त्या गांवाला आपल्या पाळीवांचून दुसरी गति नाहीं, एवढें तरी मान्य करावें लागेल.

ही एवढी पार्श्वभूमि मीं सांगितली, ती ज्या मंडळाची हकीकत सांगावयाची त्याचें काम नीट समजावें म्हणून. त्याचें नांव भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ. हें नांव लांबलचक खरें. पण त्यांतला 'व' फार महत्त्वाचा आहे. पक्षी मोजणाऱ्या मंडळ्या पुष्कळ असतात आणि लोकरीति गोळा करणारेहि असतात. तलावाची वनस्पति, मासा, पक्षी आणि त्यांच्याभोंवतीं जगणारी जात, हीं चार एकाच वहींत लिहावयाचीं, हें या मंडळाचें वैशिष्ट्य. श्री. मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी यांनीं वर्षानुवर्षें तलावांच्या पाळींवर बसून ढिवरांशीं बोलणीं केलीं. त्यांतून एक गोष्ट पुढें आली, ती शिकलेल्या माणसांना थोडी लाजविणारी आहे. तलावाचें शास्त्र आमच्याजवळ होतें. तें पुस्तकांत नव्हतें म्हणून आम्हांला दिसलें नाहीं.

ढिवराला तलाव म्हणजे एक सपाट पाण्याचा तुकडा दिसत नाहीं. त्याला त्यांत पट्टे दिसतात. अगदीं कांठाला, जेथें पाणी येतें-जातें, तेथें गवतें आणि देवधान, म्हणजे पेरल्यावांचून उगवणारा रानटी धान. त्याच्या आंत, कमरेइतक्या पाण्यांत, ज्यांचीं पानें तरंगतात अशा चौऱ्यासारख्या वनस्पति. त्याहून खोल, पाण्याखालीं, चिला. कोणत्या पट्ट्यांत कोणता मासा अंडीं घालतो, कोणता कंद कोणतें बदक येऊन उकरतें, कोणत्या वनस्पतींत मरळ आपलीं पिलें राखते, हें त्याला ठाऊक असतें. मी खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुलें शिकविलीं. एकदां तिसरींतल्या मुलांना पाण्यांतल्या झाडांचीं नांवें लिहावयास सांगितलीं. चांगल्या घरच्या मुलांनीं 'कमळ' लिहून पाट्या खालीं ठेवल्या. एका ढिवराच्या मुलाला लिहितां नीट येत नव्हतें. तो तोंडानें सांगत गेला आणि मी लिहीत गेलों. पाटीची एक बाजू भरली. त्याला त्या परीक्षेंत किती गुण द्यावयाचे, याची सोय आमच्या तक्त्यांत नव्हती.

आतां या पट्ट्यांवर दुहेरी घाला पडला होता. एकीकडून बेशरमीनें कांठ व्यापला, शेतांतल्या खतांनीं पाणी बिघडलें. दुसरीकडून मत्स्यविकासाच्या नांवाखालीं बाहेरचे मासे आले. चीनकडील गवत्या मासा १९५९ सालीं भारतांत आणला गेला. तो लवकर वाढतो, वजनाला भरतो, आणि नांवाप्रमाणें गवत खातो. तलावाची आंतली हिरवळ त्यानें खाल्ली म्हणजे मरळ, मागूर अशा देशी माशांना लपावयास आणि प्रसवावयास जागा राहत नाहीं. मग दरवर्षीं बाहेरून बोटुकली विकत आणून सोडावी लागते. ज्या तलावांत मासा आपण होऊन वाढत होता, तेथें तो पैसे देऊन पेरावयाचा आणि वर्षाखेरीस काढावयाचा, असा नवा व्यवहार बसला. ढिवरांच्या सहकारी संस्था ठेक्याची रक्कम आणि बोटुकलीचें देणें यांच्यामध्यें सांपडल्या.

अर्जुनी-मोरगाव येथील नवतलावावर जें काम झालें तें यासाठीं पाहण्यासारखें आहे. तेथील ढिवर मंडळींनीं उन्हाळ्यांत पाणी ओसरल्यावर प्रथम बेशरम मुळासकट उपटली. तोडून भागत नाहीं. तुकडा राहिला तर तो पुनः फुटतो, म्हणून एकेक बूड खणून काढावें लागतें. नंतर तलावाच्या पोटांतली जमीन नांगरली. मग ज्या तलावांत जुन्या वनस्पति अजून शिल्लक होत्या तेथून त्यांचीं रोपें आणि कंद आणून, कोणाला किती पाणी लागतें हें पाहून, ज्याच्या त्याच्या पट्ट्यांत लावलीं. धानाची रोवणी आयुष्यभर पाहिलेल्या हातांना हें काम शिकवावें लागलें नाहीं. त्यानंतर कांहीं काळ कळ काढली. गवत्या सोडला नाहीं. देशी मासे राखले. मासे परतले, आणि त्यांच्यामागून पक्षी परतले. पुढें आसपासच्या इतर तलावांवर हीच रीत गेली. पाळीवर बैठक घ्यावयाची, म्हाताऱ्यांकडून तलावाचा जुना वृत्तांत काढावयाचा, काय होतें आणि काय गेलें याची यादी करावयाची, आणि मग उन्हाळा साधावयाचा, असा क्रम पडून गेला. ढिवर स्त्रियांचे गट या कामांत पुढें आले, हें मला विशेष वाटतें. पूर्वीं बाजारांत मासळीची पाटी घेऊन बसणें एवढाच तिचा तलावाशीं उघड संबंध मानीत. आतां कोणती वनस्पति कोठें लावावी, यावर ती सभेंत बोलते.

येथें एका वादाचा उल्लेख करणें प्राप्त आहे. तलाव उथळ झाला म्हणजे यंत्र आणून त्याला खोल करावें, ही कल्पना सर्वांना चटकन पटते. २०१४ नंतर जलयुक्त शिवार, आणि २०१७ सालीं गाळमुक्त धरण व गाळयुक्त शिवार, अशा सरकारी योजना निघाल्या. कांहीं तलावांतला गाळ निघून शेतांवर पडला आणि त्यांत शेतकऱ्याचें हित झालें. परंतु तलाव म्हणजे हौद नव्हे. त्याचा कांठ उतरता असतो. तो उतार तोडून चारी बाजूंनीं उभा खड्डा केला तर पाणी जास्त मावेल, पण मघां सांगितलेले पट्टे नाहींसे होतील, अंडीं घालावयास उथळ जागा राहणार नाहीं, आणि मातींत निजलेलें देवधानाचें बीं गाळाबरोबर गाडींत बसून निघून जाईल. गुरेंहि उभ्या कडेवरून पाण्याला उतरत नाहींत. गाळ काढावा, पण कोठून आणि किती हें ढिवराला विचारून काढावा, असा या कामांतील जाणत्यांचा आग्रह आहे, आणि मला तो रास्त वाटतो. ठेकेदाराला घनमीटरांवर पैसे मिळतात. उताराचे पैसे त्याला कोणी देत नाहीं.

सारस पक्ष्याची गोष्ट याच वादाला जोडून येते. हा माणसाएवढा उंच क्रौंच महाराष्ट्रांत आतां जवळजवळ गोंदिया-भंडारा भागापुरता उरला आहे, आणि भंडाऱ्यांत तर बोटांवर मोजण्याइतकाच. तो घरटें बांधतो धानाच्या बांधींत किंवा उथळ पाणथळींत. खोल खड्ड्यांत सारस उभा राहूं शकत नाहीं. १९७१ सालीं इराणांतील रामसर गांवीं जगांतील राष्ट्रांनीं पाणथळ जागा राखण्याचा करार केला, आणि त्याची आठवण म्हणून २ फेब्रुवारीला सर्वत्र पाणथळ दिवस पाळतात. मोठमोठ्या सरोवरांचीं नांवें त्या यादींत आहेत. आमच्या दहा-वीस एकरांच्या तलावाला त्या यादींत कोण विचारणार? परंतु सारसाचें घर यादींतल्या सरोवरांत नाहीं. तें गांवच्या बांधींत आहे.

आतां जो प्रश्न अनुत्तरित आहे त्याकडे येतों. ढिवरांनीं तलाव सुधारला, मासा वाढला, पक्षी आले. ठेक्याची मुदत संपली म्हणजे पुढें काय? जास्त रक्कम बोलणारा दुसरा कोणी आला, तर पांच-सात उन्हाळे बेशरम उपटणाऱ्यांनीं काय करावें? ज्यानें मशागत केली त्याच्या हातीं हक्क नाहीं, आणि ज्याच्या हातीं हक्क आहे तो मशागत करीत नाहीं, ही १९५१ पासूनची गांठ अजून सुटलेली नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यांत, वनांतील पाण्यामधील मासे व इतर उत्पन्न यांवरील वापराचा हक्क मान्य केला आहे. ज्या गांवांचे तलाव वनांत आहेत त्यांना ती एक वाट आहे. पण जिल्हा परिषदेच्या तलावांना ती लागू पडत नाहीं. गोंड राजाला जें उमगलें होतें, कीं राखणाऱ्याला राखण्याचें फळ पिढीजात मिळालें पाहिजे, तें आजच्या ठेक्याच्या कागदांत बसत नाहीं. मला राजेशाही परत नको आणि मालगुजारहि नको. पण तीन-पांच वर्षांच्या मुदतीवर दिलेल्या पाण्यांत दहा वर्षांनीं फळणारी वनस्पति कोण लावील? मंडळाच्या कामांत जी नाजूक जागा आहे ती हीच. वनस्पति लावणें त्यांना साधलें आहे. हक्काचें रोप अजून जमिनींत धरलें नाहीं.

या बाबतींत शहरांत राहणाऱ्या, पण ज्यांचें मूळ गांव या जिल्ह्यांत आहे अशा श्रोत्यांना करण्यासारखें एक काम आहे, आणि त्याला खर्च नक्कल-फीएवढाच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. त्यांत विदर्भासाठीं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दोन्ही कागदांना अजून स्थान आहे. गांवच्या तलावांत पाण्याची, माशांची, वाटेची काय वहिवाट होती, हें त्यांत पाहावयास मिळतें. तहसिलींतून आपल्या गांवाच्या या दोन्ही कागदांच्या नकला मागाव्या. त्या घेऊन सुटींत गांवीं जावें, पाळीवर बसावें, आणि गांवांतल्या वयस्क ढिवराला त्या वाचून दाखवाव्या. कागदांत कोठें चूक आहे, कोणता पाट लिहावयाचा राहिला, कोणता सांडवा कोणीं बुजविला, हें तो सांगेल. तें समासांत लिहून घ्यावें, खालीं तारीख घालावी आणि एक प्रत गांवच्या शाळेंत द्यावी. हें काम उन्हाळ्यांत करावें. तेव्हां पाणी उतरलेलें असतें आणि तलावाची जुनी हद्द उघडी पडलेली दिसते.